गावाचा हक्क

गेल्या शंभर वर्षांत ज्या दोन पुरुषांमुळे वाईचे नाव महाराष्ट्राबाहेरही आदराने घेतले गेले, त्या दोघांपैकी एकाचाही जन्म वाईत झालेला नव्हता. प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, जे पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती या नावाने ओळखले गेले, ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील सुडकोलीचे. आणि त्यांचे शिष्य, मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे खानदेशातील पिंपळनेरचे. एक कोकणातून घाट चढून आला, दुसरा विद्येच्या ओढीने कुमारवयात तापीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात आला. त्यांच्या आजा-पणजाचे नाव वाईच्या कोणत्याही आळीत कोणी घेत नव्हते, आणि येथील जुन्या घराण्यांच्या वंशावळीत त्यांना कोठेही जागा नव्हती. असे असूनही पाठशाळा ही वाईची झाली, तिच्यातून निघालेले धर्मकोश आणि मीमांसाकोश हे वाईचे वैभव ठरले, आणि पुढे विश्वकोशाचे प्रचंड कार्य शासनाने हाती घेतले, तेव्हा त्याचे कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात न थाटता कृष्णाकाठच्या या लहानशा गावात थाटले गेले. ते दोघे वाईचे होते की बाहेरचे, असा प्रश्न आज वाईत कोणी विचारील असे मला वाटत नाही.

मग माणूस एखाद्या गावाचा होतो तो नेमका कशाने? हा प्रश्न वरवर भावनेचा वाटला, तरी निवडणुकीच्या सभेत, नोकरभरतीच्या वादात, देवस्थानाच्या विश्वस्त मंडळात आणि ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर तो रोज विचारला जातो, आणि बहुधा इतक्या घाईने निकालात काढला जातो की त्यात कोणावर तरी अन्याय झाल्यावाचून राहत नाही. त्याचा सावकाश विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे. आडनाव, जन्म, सातबारा आणि राहते घर या चार पुराव्यांवर सामान्यतः आपला भर असतो. कायद्याचा भर त्याहून कमी गोष्टींवर आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे मतदार हा त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा लागतो, आणि केवळ तेथे घर मालकीचे किंवा कब्जात आहे एवढ्यावरून कोणी तसा रहिवासी मानला जाणार नाही, असे त्या कायद्याच्या २० व्या कलमात स्वच्छ म्हटलेले आहे. महाराष्ट्राचा अधिवास दाखला काढावयाचा तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा कचेरीत द्यावा लागतो. सरकारी दप्तराने वास्तव्यापलीकडे काही विचारू नये, हेच योग्य आहे, कारण आपलेपणाची तपासणी कारकुनाच्या हाती गेली की तिचे छळात रूपांतर व्हावयास वेळ लागत नाही. परंतु दप्तर जे विचारीत नाही ते समाज विचारतोच, आणि समाजाजवळ त्याचे उत्तर शोधण्याचे जे जुने माप आहे, ते अर्धे मोडलेले आहे.

ते माप मिरासीचे. पेशवाईच्या काळी देशावरील खेड्यांत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराला कोठे कोठे थळकरीही म्हणत. त्याची जमीन वंशपरंपरेची असे. ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा त्याला अधिकार असे. गोतसभेत त्याला बसावयास जागा असे आणि तंट्याचा निवाडा होऊन महजर लिहिला गेला म्हणजे पाटलाच्या नांगराबरोबर आणि न्हाव्याच्या आरशाबरोबर, ज्याला जी निशाणी नेमून दिलेली असे त्या निशाणीने, गावातील हक्कदार त्यावर आपली साक्ष उमटवीत. उपरी हा कौल घेऊन, ठरल्या मुदतीपुरती जमीन करणारा. पीक बुडाले, बोली पटली नाही, की तो बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जावयास मोकळा. मिरासदाराचे थळ मात्र तो गाव सोडून गेला तरी सुटत नसे. दुष्काळाने किंवा कर्जाने परागंदा झालेला मिरासदार वर्षानुवर्षांनी परतला, किंवा त्याचा मुलगा परतला, आणि मधल्या काळात दुसराच कोणी ती जमीन कसत असला, तरी ते थळ परत मागण्याचा त्याचा अधिकार गाव मानीत असे. पेशवाई बुडाल्यावर या मुलखाची व्यवस्था पाहणाऱ्या एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात मिरासदारांच्या या हक्कांची आवर्जून दखल घेतली, यात नवल नाही.

या चित्राची दुसरी बाजू मात्र आपण सोयीने विसरलो. मिरासदाराला सारा उपऱ्याहून सामान्यतः जड भरावा लागे, आणि त्याखेरीज दर तीन वर्षांनी मिरासपट्टी नावाची निराळी पट्टी त्याच्याकडून वसूल होई. गावावर खंडणी पडली, देवळाचे शिखर कोसळले, पाहुणा सरदार लष्करासह मुक्कामाला आला, की तो खर्च गावखर्चाच्या नावाने ज्यांच्या अंगावर पडे त्यांत मिरासदार प्रथम. म्हणजे ज्याला मान, त्याच्यावर बोजा. आणि तो मान त्या बोजामुळेच शोभे. पुढे १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पाहणीपासून रयतवारीची जी नवी पद्धत रुळली, तिने प्रत्येक कसणाऱ्याचा संबंध थेट सरकारशी जोडला, आणि मिरासदार-उपरी हा भेद महसुलाच्या दृष्टीने निरर्थक झाला. कायद्यातून तो गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. आणि मनात राहिला तोही अर्धाच. मान राहिला, पट्टी गेली. ‘आमचे मूळ गाव’ असे छातीवर हात ठेवून सांगणारा आजचा माणूस मिरासदाराचा वारसा सांगत असतो, परंतु त्या वारशातील देण्याचे कलम त्याने खोडून टाकलेले असते.

माझे म्हणणे असे आहे की गावावर ज्याचा हक्क आहे तो गावचा, ही आपली समजूत उलटी करून घेतली पाहिजे. ज्याच्यावर गावाचा हक्क चालतो, तो गावचा. ज्याला मध्यरात्री उठविताना गावाला संकोच वाटत नाही, ज्याच्याकडे विहिरीचा गाळ काढण्यासाठी एक दिवसाचे श्रम मागावयास जाताना आधी शब्दांची जुळवाजुळव करावी लागत नाही, ज्याने चूक केली तर गाव त्याच्यावर रागावू शकते आणि ज्याच्या रागाची गावाला पर्वा करावी लागते, त्याचे जन्मस्थान कोणते हा प्रश्न गौण आहे. उलट ज्याच्याकडून काहीच मागता येत नाही असे सर्वांनी मनोमन गृहीत धरले आहे, त्याच्या नावावर सातबाऱ्याचे चार उतारे असले तरी तो पाहुणा आहे. सन्मान्य पाहुणा असेल, पण पाहुणाच.

आमच्या आळीत एक कंपोझिटर राहत असत. १९७२ च्या दुष्काळात सोलापूरकडून पोट भरण्यासाठी आलेले, छापखान्यात खिळे जुळवणारे, अत्यंत अबोल गृहस्थ. आळीत कोणाचे निधन झाले की घरच्या माणसांना काय करावे हे सुचण्यापूर्वी हे हातात कोयता घेऊन दारात उभे असत. वखारीतून आणलेला कळक ते आधी जमिनीवर टाकून पायाने दाबून पाहत, कारण कळक आतून किडलेला असेल तर तो वाटेत करकरतो आणि खांदा देणाऱ्यांची त्रेधा उडते; मग दोन लांब दांड्यांवर आडव्या कांबी टाकून त्या सुंभाने अशा रीतीने आवळीत की गाठ ओल्या हातानेही सुटू नये. हे करीत असताना एका पोराला मडक्यासाठी कुंभारवाड्यात पिटाळणे, गोवऱ्यांची गाडी घाटाकडे परस्पर रवाना करणे, मुंबईहून निघालेली लेक कोणत्या गाडीने येते आहे आणि तोवर थांबावयाचे की नाही हे घरातील वडीलधाऱ्या बाईला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारणे, हे सारे त्यांचे एकट्याचे काम. कोणी सांगितलेले नव्हते. कृष्णेला पूर येऊन घाटाच्या पायऱ्यांवर गाळ बसला की तो खरवडणाऱ्यांतही ते असतच. एकदा गटाराच्या प्रश्नावर आळीची बैठक भरली असता त्यांनी काही सुचविले, तेव्हा एका गृहस्थाने सर्वांदेखत त्यांना विचारले, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ ते खाली बसले आणि पुन्हा बोलले नाहीत. विचारणाऱ्याचा वाडा पिढ्यान्‌पिढ्यांचा होता आणि वर्षातील बहुतेक काळ त्याच्या दिंडीला कुलूप असे. त्या बैठकीत आम्ही कोणी त्या प्रश्नाला हरकत घेतली नाही, कारण तो प्रश्न गैर आहे असे आम्हांलाही त्या वेळी वाटले नाही. मूळचे कोण हे विचारण्याचा अधिकार मूळच्या माणसाला असतो, हे संस्कार इतके खोल गेलेले असतात.

हे संस्कार नुसते असभ्य नाहीत, ते घातक ठरू शकतात. आणि याची साक्ष गावगाड्यातील महाराच्या स्थानात आणि महाडच्या इतिहासात आहे. ज्या महाराला गावाने गावकुसाबाहेर ठेवले, त्याचीच साक्ष गावाच्या सीमेच्या तंट्यात प्रमाण मानली जाई. शीव कोठून कोठे जाते हे त्याने चालून दाखवावयाचे आणि दोन्ही गावांनी ते मान्य करावयाचे, अशी वहिवाट होती. गावाची संपूर्ण आकृती ज्याच्या पायांना ठाऊक, त्याला त्या आकृतीच्या आत पाणी भरण्याची मनाई! गावाचा हक्क त्याच्यावर चोवीस तास चाले, सरकारी टपाल पोचविण्यापासून मेलेले ढोर ओढण्यापर्यंत. त्याचा गावावर मात्र वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यापलीकडे आणि बलुत्याच्या भाकरीपलीकडे कोणताच हक्क नव्हता. तेव्हा मी वर मांडलेले सूत्र एकटे पुरेसे नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्याच्याकडून गाव घेते त्याला गावाने आपले म्हटले पाहिजे आणि पाणवठ्यापासून पंचायतीपर्यंत बरोबरीने बसविले पाहिजे; नाहीतर ती वेठबिगार होते.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरले. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या प्रतिनिधींसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, त्यानंतर गावातील लोकांनी परतणाऱ्या माणसांना मारहाण केली आणि पुढे तळ्याचे शुद्धीकरण करून घेतले. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. त्या दिवशी महाडचे खरे कोण होते? ज्यांची घरे तळ्याच्या काठावर होती आणि ज्यांनी लाठ्या उचलल्या, ते स्वतःला महाडचे रखवालदार समजत होते. मला मात्र असे वाटते की महाडचे नाव ज्यांनी राखले ते निराळे होते: पंचक्रोशीतील दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी ही परिषद महाडात भरावी म्हणून जिवाचे रान केले, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांनी आपल्याच ज्ञातिबांधवांचा आणि शेजाऱ्यांचा रोष पत्करला, आणि ते असंख्य अनाम लोक, ज्यांच्या कित्येक पिढ्या त्या तळ्याच्या परिसरात जन्मल्या आणि मेल्या, आणि ज्यांना ते पाणी चाखावयास सत्याग्रह करावा लागला. गावावर प्रेम करणे म्हणजे गाव जसे आहे तसे राखणे, ही कल्पना महाडने त्या दिवशी कायमची खोटी ठरविली आहे. गावाशी भांडण्याची ज्याला हिंमत होते आणि भांडूनही जो त्या गावाच्या भल्याकडे पाठ फिरवीत नाही, त्याच्या आपलेपणाला मी घाटाच्या शिलालेखावर नाव असणाऱ्यापेक्षा वरचे स्थान देईन.

स्त्रियांचा प्रश्न तर आपण कधी विचारातच घेतलेला नाही. देशावरची मिरास काय किंवा गोव्यातील गावकारी काय, हक्क उतरत असे तो पुरुषाच्या वंशात. मुलगी जन्माने गावची असूनही लग्नाबरोबर परकी होई आणि सून म्हणून आलेली स्त्री नवऱ्याच्या नावाने ओळखली जाई. आजही माहेरी ती चार दिवसांची पाहुणी आणि सासरी ती अमक्याच्या घरची. आणि तरीही गावाचा सर्वांत जास्त हक्क कोणावर चालतो? उन्हाळ्यात विहिरीचे पाणी कितव्या पायरीपर्यंत उतरले आहे, कोणाच्या घरात चूल पेटलेली नाही, कोणत्या बाळंतिणीला ताप आहे, कोणते पोर शाळेच्या वेळी ओढ्याकडे दिसते, ही गावाची खरी खबर तिला असते, कारण तिच्याकडून त्यावर काही करण्याची अपेक्षा असते. सुना म्हणून वेगवेगळ्या गावांतून आलेल्या या बायका खेडे चालवितात. आणि ग्रामसभेच्या दिवशी मात्र आपल्या अनेक गावांत पुरुष मांडी घालून बसतात, बाया भिंतीशी उभ्या राहतात आणि सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरवून त्यांची हजेरी पुरी करण्यात येते. जन्माचे माप खरे मानावयाचे, तर मराठी खेड्यातील बहुसंख्य विवाहित स्त्रिया उपऱ्या ठरतात. ज्या मापाने अर्धे गाव परके ठरते, ते माप टाकून देण्यास याहून सबळ कारण कोणते हवे?

गावाचा हक्क म्हणजे काय, हे जेथे डोळ्यांना दिसते असे एक ठिकाण सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. मालवण तालुक्यातील आचरे गावी दर काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत श्रीदेव रामेश्वराचा कौल घेतला जातो. कौल मिळाला की ठरल्या दिवशी सारे गाव घरांना कुलपे लावून, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे यांच्यासह शिवेबाहेर पडते, आणि तीन दिवस तीन रात्री शिवेपलीकडे माळावर, नदीकाठी, माडाच्या झावळ्यांच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभारून राहते. तीन दिवसांनी पुन्हा कौल मागावयाचा आणि देवाने उजवा दिला तरच परत फिरावयाचे. या काळात हजारो वस्तीचे ते गाव निर्मनुष्य असते. चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नसते. या प्रथेमागे कोणती श्रद्धा आहे आणि ती कोणाला पटते किंवा पटत नाही, हा माझा विषय नाही. माझे लक्ष वेधून घेते ते हे की या वेळी कोणी कोणाची वंशावळ तपासीत नाही. शिवेच्या आत ज्याची चूल आहे, त्याने निघावयाचे. जातीचा किंवा धर्माचा अपवाद नाही, मानकऱ्यालाही सूट नाही, घरमालकाने जावयाचे तसेच भाडेकऱ्यानेही जावयाचे. मग त्या माळावर ज्यांच्या चुली शेजारी-शेजारी मांडल्या जातात, ज्यांची पोरे एका पंगतीत जेवतात आणि ज्यांची म्हातारी माणसे एका ताडपत्रीखाली निजतात, ते सर्व गावकरी. म्हातारी आजारी आहे म्हणून किंवा म्हैस व्यायला आली आहे म्हणून थांबावेसे वाटत असताही निघणे, ही त्या गावाने आपल्या माणसांकडून घेतलेली पट्टी आहे, आणि ती सर्वांकडून सारखी घेतली जाते. मिरासपट्टीचे असे निखळ रूप मला दुसरीकडे कोठे आढळलेले नाही.

प्रत्यक्ष राहणे मात्र अपरिहार्य आहे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. पोटासाठी गाव सोडावे लागलेल्या माणसाने गाव सोडलेच असे होत नाही. मुंबईच्या गिरणगावात सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूरकडील माणसांच्या गावकीच्या खोल्या असत. एका गावाच्या लोकांनी मिळून चाळीतील एक खोली घ्यावयाची, पाळीपाळीने तेथे निजावयाचे, भिंतीवरच्या खुंटीवर प्रत्येकाची पिशवी आणि भिंतीशी प्रत्येकाची पत्र्याची पेटी. महिन्याच्या महिन्याला वर्गणी, तिचा हिशेब एका वहीत. गावाहून नवा पोरगा आला की त्याला नोकरी लागेपर्यंत कोणी भाडे मागावयाचे नाही, आणि ज्याने दारूपायी घरी पैसे पाठविणे बंद केले त्याला सर्वांसमोर बोलावून जाब विचारावयाचा. त्या जाबात सारे काही आले. गाव कितीतरी कोस दूर, पण त्याचा हात खोलीच्या उंबरठ्यापर्यंत पोचत होता आणि माणूस तो हात झटकीत नव्हता. गावातील तालमी, शाळांच्या खोल्या, विहिरी यांत या मनीऑर्डरींचा केवढा वाटा आहे, हे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील कोणत्याही खेड्यात म्हाताऱ्यांना विचारावे.

आज पैसा वाढला आहे आणि तो हात आखूड झाला आहे, अशी माझी तक्रार आहे. यात्रेच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, देवळाच्या जीर्णोद्धाराला देणग्या मिळतात, संगमरवराच्या पाटीवर नावे कोरली जातात, वेशीवर सिमेंटची कमान उभी राहते. त्याच वेशीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची कौले गळत असतात आणि मुले ओल्या भिंतीपासून पट्टी सरकवून बसतात. देवाला देऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु जे दान आपण ठरवितो, आपण निवडतो आणि ज्यावर आपले नाव लागते, त्यात गावाचा हक्क कोठे आला? गावाने सांगावे आणि आपण करावे, ही गोष्ट निराळी. शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाणे, ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचा हिशेब विचारणे, सामाईक ओढ्यावरचे आपल्याच भावकीचे अतिक्रमण काढण्याच्या बाजूने हात वर करणे, हे कोणत्याही पाटीवर लिहिले जात नाही. त्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि वाईटपणा घ्यावा लागतो. वाई, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यात शहरातील माणसांनी घेतलेल्या जागांचे आणि बांधलेल्या बंगल्यांचेही तेच. जमीन घेणे हा कायद्याने दिलेला अधिकार आहे, त्याविषयी आकस धरण्याचे कारण नाही. पण ज्याने बंगल्याभोवती कुंपण घालताना शेजारच्या वस्तीची पाण्याची वाट बंद होते की काय हे विचारले नाही, त्याने तेथे वीस वर्षे सुट्ट्या घालविल्या तरी तो त्या गावचा झाला असे मी मानणार नाही. आणि ज्याने ते विचारले, त्याला पहिल्याच वर्षी ग्रामसभेत सतरंजीवर जागा मिळावी असे मला मनापासून वाटते.

ज्यांचे गावच पाण्याखाली गेले, त्यांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कोयनेच्या धरणासाठी, धोमच्या धरणासाठी सातारा जिल्ह्यातील कित्येक गावे उठली. कोयनेची माणसे उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाही अस्तित्वात नव्हता; महाराष्ट्राने तसा कायदा केला तो १९७६ साली. ती माणसे रत्नागिरी, रायगड, ठाणे, सांगली अशी पांगली. जाताना त्यांनी ग्रामदेवतेची मूर्ती नेली, जुने नाव नेले, आणि मिळेल त्या माळरानावर ते नाव पुन्हा लावले. त्यांच्यावर तेव्हापासून दोन गावांचा हक्क चालत आला आहे. बुडालेल्या गावाच्या यात्रेला सगळ्या वसाहतींतून माणसे जमतात आणि वर्गणी देतात. आणि नव्या गावाच्या दुष्काळात, पुरात, मर्तिकात ती खांद्याला खांदा लावून उभी राहिली आहेत. अशा वसाहतीत जन्मलेल्या, तेथील शाळेत शिकलेल्या, तेथील जमिनीत तिसऱ्या पिढीने घाम गाळणाऱ्या माणसाला आजही शेजारचे मूळ गाव धरणग्रस्त म्हणून ओळखते. सोयरीक जुळविताना तो शब्द उच्चारला जातो, स्मशानाच्या जागेवरून वाद होतो तेव्हा उच्चारला जातो, पाणी कमी पडले आणि नळाची पाळी ठरविण्याची वेळ आली की हमखास उच्चारला जातो. ज्यांनी साऱ्या राज्याच्या विजेसाठी आणि पाण्यासाठी आपली शीव दिली, त्यांना शीव विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? या वसाहतींच्या गावठाणांची मोजणी आणि नोंद जेथे अपुरी आहे तेथे महसूल खात्याने ती विनाविलंब पुरी करावी. आणि ज्या गावांच्या पंचायतीत त्या समाविष्ट आहेत, त्या गावांनी येत्या ग्रामसभेत स्मशान आणि पाणवठा यांच्यावरील त्यांचा समान हक्क ठराव करून इतिवृत्तात नोंदवावा, आणि महाडचा अनुभव ध्यानात ठेवून तो ठराव कागदावर राहणार नाही अशी तजवीजही स्वतःच करावी.